डेव्हलपर ठेवायचाय? कन्सल्टन्सीला फोन करण्याआधी हे गणित करा



"सर, ॲप बनवायचंय, डेव्हलपरला पगार किती द्यावा?" आमच्या ट्रेनिंगच्या प्रत्येक बॅचमध्ये हा प्रश्न येतोच. कधी मसाल्याचा धंदा करणारी ताई विचारते, कधी बेदाणा विकणारा दादा, कधी नुकतंच क्लासेस सुरू केलेला सर. आणि लगेच त्याला जोडून दुसरा प्रश्न, "एखादी चांगली कन्सल्टन्सी सांगा ना, माणूस मिळवून देणारी."

माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे शेवटपर्यंत वाट बघायला नको. ज्याच्या धंद्यात अजून दहा माणसंसुद्धा नाहीत, त्याने आपला पहिला डेव्हलपर कन्सल्टन्सीमार्फत घेऊ नये. आणि ज्याचा धंदाच सॉफ्टवेअरचा नाही, त्याने तर पगारी डेव्हलपर ठेवायची घाई अजिबात करू नये. का, ते आता गणितानेच बघू.

एवढा पगार का मागतात?

दुकानदाराचा पहिला राग हाच असतो. "माझा अकाउंटंट दहा वर्षं माझ्याकडे आहे, त्याला वीस हजार. आणि हा काल पास झालेला पोरगा चाळीस मागतो!"

मी स्वतः दुकानदार आहे, इलेक्ट्रिकल सामान विकतो, त्यामुळे हा राग मला कळतो. पण जरा थांबून विचार करा. अकाउंटंटचा पगार तुमच्या गावचा बाजार ठरवतो. डेव्हलपरचा पगार तुमच्या गावात ठरतच नाही. तो हिंजवडीत, खराडीत, बेंगळुरूत ठरतो, आणि तिथला भाव डॉलरमध्ये पैसे देणारं गिऱ्हाईक ठरवतं. २०२० नंतर घरून काम करायची सवय लागली आणि हे आणखी वाढलं. आज सांगलीत आईच्या हातचं जेवून पोरगा अमेरिकेतल्या कंपनीचं काम करू शकतो. म्हणजे तुमची स्पर्धा शेजारच्या दुकानाशी नाहीच, ती त्या कंपनीशी आहे.

आता खरा मुद्दा. त्या कंपनीला हा पगार परवडतो, कारण सॉफ्टवेअर एकदा लिहिलं की कितीही वेळा विकता येतं. समजा, एका डेव्हलपरने बिलिंगचं सॉफ्टवेअर बनवलं आणि ते ५०० दुकानदारांना वर्षाला २,००० रुपयांनी विकलं गेलं. झाले १० लाख. तेच सॉफ्टवेअर त्याने फक्त तुमच्या दुकानासाठी बनवलं, तर ते वापरणारं दुकान एकच. मेहनत तीच, पगार तोच, वसुली मात्र एकाच गल्ल्यातून. डेव्हलपर महाग वाटतो तो इथे. त्याच्या कामाची किंमत जास्त नाही, ते काम वाटून घ्यायला तुमच्याकडे गिऱ्हाईकं कमी आहेत.

पॅकेज वेगळं, हातात पडणारं वेगळं

दुसरी गोष्ट, "सहा लाखांचं पॅकेज" ऐकून घाबरू नका. पॅकेज म्हणजे सीटीसी, कंपनीला त्या माणसाचा वर्षाला पडणारा एकूण खर्च. तो सगळा हातात पडत नाही. एक उदाहरण मांडतो. आकडे कंपनीप्रमाणे बदलतात, पण हिशोबाची पद्धत हीच.

सीटीसी ६,००,००० रुपये. त्यातला बेसिक निम्मा धरा, म्हणजे महिन्याला २५,०००. कंपनीच्या वाट्याचा पीएफ बेसिकच्या १२ टक्के, वर्षाचे ३६,०००. ग्रॅच्युइटीसाठी ४.८१ टक्के धरतात, म्हणजे साधारण १४,४००. व्हेरिएबल, म्हणजे कामगिरीवर मिळणारी रक्कम, १० टक्के धरली तर ६०,०००. हे सगळं वजा केलं की महिन्याला उरतात साधारण ४०,८००. त्यातून पुन्हा त्याच्या वाट्याचा पीएफ ३,००० आणि प्रोफेशनल टॅक्स २०० जातो. हातात किती? साधारण ३७,६००.

पीएफचे दोन्ही बाजूंचे मिळून महिन्याला सहा हजार त्याच्या नावावर साठतात, ते विसरायचं नाही. तो त्याचाच पैसा आहे. पण तुम्ही गावातल्या गावात, रूमभाडं आणि मेसचा खर्च नसलेल्या मुलाला थेट ४०,००० दिलेत, तर सहा लाखांच्या पॅकेजसमोर तुमची ऑफर इतकी काही फिकी पडत नाही. इंटरव्ह्यूला बसताना हा हिशोब कागदावर काढून त्याच्यासमोर ठेवा. वीसपेक्षा कमी माणसं असतील तर साधारणपणे पीएफ सक्तीचा नसतो, पण तुम्ही तो देणार का नाही हे पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगा.

आता तुमच्या गल्ल्याचं गणित

महिन्याला ४०,००० म्हणजे वर्षाला ४,८०,०००. बरा लॅपटॉप घेतला, ५०,००० धरा. कन्सल्टन्सीची फी बहुतेक वेळा वार्षिक पॅकेजच्या टक्क्यांत असते, आणि नेहमी ऐकू येणारा आकडा म्हणजे ८.३३ टक्के. हा आकडा आकाशातून पडलेला नाही, बाराव्या हिश्शाचा, म्हणजे एक महिन्याच्या पगाराचा तो टक्का आहे. अवघड जागा असेल तर याहून जास्तही मागतात. आपण ४०,००० धरू. त्यावर १८ टक्के जीएसटी, ७,२००. तुम्ही कंपोझिशन स्कीममध्ये असाल तर या जीएसटीचं क्रेडिटही मिळणार नाही. तो सरळ खिशातून गेला.

एकूण ५,७७,२०० रुपये.

आता मला सांगा, तुमच्या दुकानात मार्जिन किती? समजा १२ टक्के. मग हा खर्च नुसता भरून काढायला वर्षात साधारण ४८ लाखांची जादा विक्री हवी. जादा, बरं का! आत्ता जी होते ती सोडून. तुमचं ॲप एवढी विक्री आणणार आहे का? "हो" म्हणत असाल तर कशाच्या जोरावर? हे उत्तर ज्याच्याकडे नाही, त्याचं भांडवल या एका निर्णयात अडकतं. मुद्रा लोन काढून धंद्यात उतरलेल्या माणसासाठी पावणेसहा लाख म्हणजे काही वेळा अख्खा धंदाच.

कन्सल्टन्सीला पैसे कशाचे मिळतात, ते बघा

इथे मला कन्सल्टन्सीवाल्यांना शिव्या द्यायच्या नाहीत. त्यांचाही धंदा आहे. आपण त्यांच्या खुर्चीत बसून बघू.

त्यांना पैसे मिळतात माणूस जॉइन झाला की. तुमचं काम झालं की नाही, याच्याशी त्यांच्या बिलाचा संबंध नाही. पगार जितका जास्त, तितकी फी जास्त. माणूस जॉइन झाला नाही, तर महिनाभर केलेले फोन फुकट. मग तो कुणाच्या कामाला आधी हात घालेल? एका झटक्यात तीस जागा भरणाऱ्या कंपनीच्या, की एक जागा घेऊन आलेल्या आणि "घरच्यांशी बोलून सांगतो" म्हणणाऱ्या तुमच्या? तुम्ही त्याच्या रांगेत शेवटचे असता. मोठ्या कंपनीने नाकारलेले बायोडाटे तुमच्याकडे येतात, त्यामागे दुष्टपणा नसतो, रांग असते.

शिवाय फोनवर बोलणारा मुलगा किंवा मुलगी बहुतेक वेळा तांत्रिक शिक्षणाची नसते. तुम्ही दिलेल्या वर्णनातले शब्द आणि बायोडाट्यातले शब्द जुळवून पुढे पाठवणं, हे त्यांचं काम. आणि आपण वर्णन काय देतो? "वेबसाइट, ॲप, डिझाइन, सोशल मीडिया येणारा हवा, प्रिंटर बिघडला तर तोही बघावा लागेल." असं वर्णन दिलं तर जगातली कुठलीच कन्सल्टन्सी योग्य माणूस आणू शकत नाही. हा दोष आपला.

आता उमेदवाराची बाजू. मोठ्या आयटी कंपन्यांत ९० दिवसांचा नोटीस पिरियड सर्रास असतो. तुमची ऑफर घेऊन तो राजीनामा देतो, आणि त्या तीन महिन्यांत त्याला आणखी फोन येत राहतात. हातात एक ऑफर असली की दुसरी वाढवून मागता येते. शेवटी ज्या सोमवारी तुम्ही खुर्ची-टेबल लावून वाट बघता, त्या सोमवारी फोन बंद. २०२१-२२ मध्ये तर हे फारच वाढलं होतं. इन्फोसिससारख्या कंपनीनेसुद्धा जून २०२२ च्या तिमाहीत आपलं कर्मचारी गळतीचं प्रमाण २८.४ टक्के असल्याचं जाहीर केलं होतं. पुढे भरती थंडावली आणि वारं फिरलं, पण सवय तीच राहिली. जिथे एवढ्या मोठ्या कंपनीला माणसं धरून ठेवणं जड गेलं, तिथे कन्सल्टन्सीने आणलेला, तुम्हाला न ओळखणारा माणूस तुमच्याकडे का टिकावा?

यात फसवणुकीचाही भाग आहे. खोटा अनुभव लिहिलेले बायोडाटे असतात. ऑनलाइन इंटरव्ह्यू एक जण देतो आणि जॉइन व्हायला दुसराच येतो, हेही घडतं. म्हणून शेवटचा इंटरव्ह्यू समोरासमोर घ्या, आणि आधीच्या नोकऱ्या पडताळायला उमेदवाराला त्याच्या पीएफ खात्याची सर्व्हिस हिस्टरी दाखवायला सांगा. प्रामाणिक माणसाला याचा राग येत नाही.

तरीही कन्सल्टन्सी घ्यायचीच असेल तर

काही वेळा गरज खरी असते. एकदम चार-पाच माणसं हवी असतात, किंवा एखादं कौशल्य आपल्या भागात मिळतच नाही. मग करार वाचून सही करा. या पाच गोष्टी बघा.

१. फी कशावर? नक्की मिळणाऱ्या पगारावर हवी, व्हेरिएबल धरून नको.

२. पैसे कधी? ऑफर लेटर दिल्यावर नाही, जॉइन होऊन किमान महिना झाल्यावर.

३. माणूस सोडून गेला तर काय? बहुतेक करारात ६० किंवा ९० दिवसांत बदली माणूस द्यायची अट असते. पण बदली माणूस सापडलाच नाही तर पैसे परत मिळणार का, हे लिहून घ्या. "रिप्लेसमेंट देऊ" या शब्दाला तारीख नसेल तर त्याला अर्थ नाही.

४. आपल्याकडे लावलेला माणूस त्यांनीच वर्षभरात दुसरीकडे नेऊ नये, ही अट टाका.

५. उमेदवाराकडून एक रुपयाही घेतला जाणार नाही, हे लेखी घ्या. दोन्हीकडून पैसे घेणारा मध्यस्थ कुणाचाच नसतो.

मग करायचं काय?

माझ्या मते तीन पायऱ्या आहेत, आणि त्या याच क्रमाने चढायच्या.

पहिली पायरी, तयार सॉफ्टवेअर. बिलिंग, स्टॉक, उधारी, ऑनलाइन दुकान या गोष्टी लाखो दुकानांना लागतात, म्हणून त्या कुणीतरी आधीच बनवल्या आहेत. टॅली आहे, व्यापार आहे, झोहो बुक्स आहे, ऑनलाइन दुकानासाठी शॉपिफाय आहे. व्हॉट्सॲप बिझनेसवर कॅटलॉग टाकायला तर पैसेही लागत नाहीत. "मला थोडं वेगळं हवंय" असं वाटेल. सहा महिने तयार सॉफ्टवेअर वापरा, आणि जे अडतं ते वहीत लिहा. पानभर यादी झाली तर पुढे जा. दोनच ओळी झाल्या तर तुमचे पावणेसहा लाख वाचले.

दुसरी पायरी, ठरावीक काम ठरावीक पैशात. म्हणजे फ्रीलान्सर किंवा छोटी स्थानिक फर्म. त्या वहीतली यादी त्याला द्या आणि काम तुकड्यांत पाडा. पहिला तुकडा पंधरा दिवसांत होईल एवढाच ठेवा. तुकडा चालला की पैसे, मगच पुढचा. अगदी घराचं बांधकाम देतो तसं: पाया झाला, हप्ता दिला.

तिसरी पायरी, पगारी माणूस. इथे तुमच्या जिल्ह्याबाहेर बघायच्या आधी जिल्ह्यात बघा. सांगलीचं वालचंद किंवा पुण्याचं सीओईपी यांच्या दारात मोठ्या कंपन्या स्वतः येतात, तिथे आपला निभाव लागणं कठीण. पण तालुक्याच्या कॉलेजातली बीसीएस, बीसीए, डिप्लोमाची पोरं बघा. शिकायची भूक आहे, गाव सोडायची सक्ती नको आहे, आणि कॅम्पसला कुणी फिरकत नाही. तिथल्या सरांना जाऊन भेटा. कुठला विद्यार्थी रात्री जागून प्रोजेक्ट करतो, हे त्यांना माहीत असतं, आणि ते कुठल्याच बायोडाट्यात लिहिलेलं नसतं.

ही माझी कल्पना नाही. झोहो कंपनीने सुमारे वीस वर्षांपूर्वी हाच विचार केला. बारावी आणि डिप्लोमा झालेल्या मुलांना स्वतःच्या शाळेत, विद्यावेतन देऊन शिकवायचं आणि कामाला घ्यायचं. त्यांची शाळा तमिळनाडूत तेनकासीसारख्या ग्रामीण भागातही आहे. पदवीच्या बाजारात बोली लावण्यापेक्षा त्यांनी स्वतः माणूस घडवला. आपण शाळा काढू शकत नाही, पण सहा महिन्यांची पगारी इंटर्नशिप नक्की देऊ शकतो. केंद्र सरकारची ॲप्रेंटिसशिपची योजनाही आहे, तुमच्या कॉलेजच्या प्लेसमेंट सरांना तिच्याबद्दल विचारा.

निवड करताना छोटं खरं काम द्या आणि त्याचे पैसे द्या. दोन दिवसांच्या कामाचे दोन-तीन हजार गेले तरी चालतील. फुकट काम करून घेऊ नका, ती बातमी कॉलेजभर होते. आणि कृपा करून कुणाचीही मूळ सर्टिफिकेटं ठेवून घेऊ नका. माणूस धाकाने खुर्चीत बसतो, पण कामात बसत नाही. "आमच्याकडून सोडलंस तर दुसरीकडे काम करायचं नाही" असले बाँडही लिहून घेऊ नका. नोकरी सोडल्यानंतरचं असं बंधन भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २७ पुढे टिकत नाही. टिकवायचंच असेल तर पगार दर महिन्याच्या ठरलेल्या तारखेला द्या. छोट्या धंद्यात माणूस टिकण्याचं याहून मोठं कारण मी बघितलेलं नाही.

कागद आणि किल्ल्या

हा भाग सगळ्यात जास्त लोक सोडतात, आणि नुकसान इथेच होतं.

कॉपीराइट कायदा, १९५७ प्रमाणे, नोकरीवर असलेल्या माणसाने नोकरीचा भाग म्हणून लिहिलेला कोड, वेगळा करार नसेल तर, मालकाचा होतो. पण फ्रीलान्सरने लिहिलेला कोड, तुम्ही पैसे दिले तरी, लेखी करार नसेल तर त्याचाच राहतो. म्हणून लेखी हस्तांतर करून घ्या. त्यात मुदत आणि भौगोलिक क्षेत्र लिहा. मुदत लिहिली नाही तर कायदा पाच वर्षंच धरतो, आणि क्षेत्र लिहिलं नाही तर फक्त भारत.

दुसरं, किल्ल्या. डोमेन तुमच्या नावावर, तुमच्या ईमेलवर. होस्टिंगचं बिल तुमच्या कार्डावर. गूगल प्लेचं खातं तुमचं, कोड ठेवायचं गिटहबचं खातं तुमचं. डेव्हलपरला फक्त परवानगी द्यायची, मालकी नाही. दुकानात नवा माणूस आला म्हणून आपण तिजोरीची एकमेव किल्ली त्याला देतो का? मग इथे का देता?

आणि धंदाच सॉफ्टवेअरचा असेल तर?

तर वरचं निम्मं गणित उलटतं. तुम्ही ॲपच विकणार असाल, तर ते बनवणारा माणूस पगारावर आणून भागत नाही. तो पहिल्या दिवसापासून भागीदार हवा, धंद्यात त्याचा हिस्सा हवा. असा माणूस कन्सल्टन्सीच्या यादीत मिळत नाही. तो ओळखीतून, सोबत काम करून, महिनोनमहिने पारखून मिळतो. ज्याला असा एकही माणूस स्वतःच्या जोरावर पटवता येत नाही, त्याने आपली कल्पना गिऱ्हाईकाला पटेल का, याचा आधी विचार करावा. कडू आहे, पण खरं आहे.

तर मित्रांनो, आज रात्री दुकान बंद केल्यावर एक काम करा. वहीत तीन आकडे लिहा. तुमचं खरं मार्जिन, तुम्हाला हवं असलेल्या माणसाचा वर्षाचा पूर्ण खर्च, आणि तो भागवायला लागणारी जादा विक्री. तिसरा आकडा बघून झोप लागली, तर बिनधास्त माणूस शोधा. नाही लागली, तर अजून सहा महिने तयार सॉफ्टवेअर वापरा. धंदा कुठे पळून जात नाही. तुमचा तिसरा आकडा किती आला, ते मला नक्की कळवा. पुढच्या व्हिडिओत फ्रीलान्सरसोबतचा करार ओळ ओळ वाचून बघू.

भेटू मग!